मनवासाठी नाताळचं नाटक

नगर, २२ डिसेंबर

प्रिय नीलांबरीताई,

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहितेय, राग मानू नका. सुहास उद्या कामानं पारनेरला येतायत, त्यांच्या हाती देते. दारात आलेलं पाकीट तुम्ही परत पाठवणार नाही, एवढा तुमचा स्वभाव मला ऐकून माहीत आहे.

नाताळच्या सुट्टीत मनवाला नाटकाला नेणं हे दरवर्षी तुमचं काम. मनवाची आई, जयाताई, गेल्यावरही मावशी म्हणून तुम्ही ते चुकवलं नाहीत. यंदा ऑगस्टमध्ये माझं सुहासशी लग्न झालं आणि तुमचं नगरला येणंच थांबलं. मग नाटक निवडायचं काम पडलं माझ्या गळ्यात. मी राहुरीकडची, शेतकऱ्याघरची. आमच्याकडं नाटक म्हणजे शाळेचं गॅदरिंग. पाच वर्षांच्या पोरीला काय झेपतं, मला काय कळणार? त्यातून मनवा चार महिने माझ्याशी फार शहाण्यासारखी वागते. हट्ट नाही, रुसवा नाही, पाणीसुद्धा विचारून घेते. पाहुण्यांकडं आल्यासारखी. ताई, मला ते लई लागतं. वाटलं, दोघीच कुठंतरी जाऊ, तिला जरा मोकळं वाटेल.

नागापूरला आमच्या कंपनीत पहिला नग तपासून पास झाल्याशिवाय मशीन पुढं चालवत नाहीत, आणि तो तपासायचं कामच माझं. तीच खोड इथंही. शनिवारी शिफ्ट सुटल्यावर मी एकटीच गावात लागलेल्या एका बालनाट्याला जाऊन बसले. शेजारच्या पोरानं विचारलं, काकू, तुमचं बाळ कुठंय? म्हटलं, पास झालं तर उद्या आणीन. ते बिचारं आईला चिकटूनच बसलं. पडदा उघडला आणि बघते तर काय, नाटकात सावत्र आई! डोळ्यांत हे भलं मोठं काजळ, हातात लाटणं, राजकन्येला उपाशी ठेवते, आणि अख्खं सभागृह ओरडतंय, हाकला हिला, हाकला! कानशिलं तापली माझी. वाटलं, सगळी पोरं माझ्याकडंच बघतायत.

घरी येऊन मी मनवाला म्हटलं, ते नाटक नको, आपल्या शेजारच्या साळवेबाईंच्या चर्चमध्ये चोवीस तारखेला मुलांचं नाटक आहे, ते बघू. कापसाच्या दाढ्या लावून पोरं तालीम करतात, मी पाहिलीय, फार गोड करतात. मनवा म्हणाली, चालेल. एवढंच. नंतर साळवेबाईंकडून कळलं, मनवाच्या वर्गातल्या सगळ्या मैत्रिणी त्याच सावत्र आईच्या नाटकाला निघाल्यात, आठवडाभर तेच चाललंय त्यांचं. तरी पोरीनं तोंडातून ब्र काढला नाही. खरं सांगते, माझीच मला लाज वाटली. मी तिच्यासाठी नाटक निवडत नव्हते, माझी कातडी वाचवत होते. रविवारी सकाळी जाऊन त्याच नाटकाची दोन तिकिटं आणली.

सावत्र आई आल्यावर पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. मनवा ओरडली नाही. एकदा स्टेजकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मी आपली समोर नजर लावून बसलेली. नाटक संपल्यावर मुलं पात्रांबरोबर फोटो काढतात ना, तशी राजकन्येपुढं आणि माकडापुढं ही रांग. ती सावत्र आई झालेली बाई मात्र एकटीच कोपऱ्यात पदरानं घाम पुसत उभी. मनवानं आपणहून माझा हात धरला, पहिल्यांदा हो, आणि ओढतच तिच्याकडं घेऊन गेली. म्हणाली, ह्यांच्याकडं कोणीच येत नाहीये. मग त्या बाईला सांगते कशी, ही माझी सावत्र आई आहे, ही ओरडत नाही, पण हिच्या पोळ्या जाड असतात. ती बाई हसून हसून बेजार. मी हसले का रडले, मला आठवत नाही. फोटो सोबत पाठवतेय, त्यात माझे डोळे मिटलेत. आणि बाहेर आल्यावर मनवानं बुढ्ढी के बालसाठी रस्त्यात पाय आपटले! मला इतका आनंद झाला की दोन घेतले. सुहास म्हणतात, लाडावून ठेवशील. लाडावू दे की.

पत्र लिहायचं कारण मात्र पुढचंच. रिक्षात गुलाबी तोंडानं तिनं विचारलं, माझ्या पहिल्या आईला नाटक आवडायचं का गं? लहानपणी ती कशाला घाबरायची? मला काय माहीत! सुहासना विचारलं तर म्हणाले, तिचं लहानपण नीलांबरीला ठाऊक. ताई, चर्चमधलं नाटक चोवीसच्या संध्याकाळी सहाला आहे. तुम्ही या. मनवाच्या शेजारी तुम्हीच बसा, मी मागं बसेन. माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल, पण तिला सांगा. नाहीतर मला काहीतरी रचून सांगावं लागेल, आणि तिच्या आईबद्दल मला तिच्याशी एकही खोटं बोलायचं नाहीये.

वाट बघणारी, तुमचीच
रुपाली