पेटी कुठे ठेवावी

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अखेर परवानगी मिळाली! तुरुंगाच्या दवाखान्यात कंडोमची पेटी लागली. ती ठेवली म्हणजे आत तसलं काही चालतं हे आपणच कबूल केल्यासारखं होतं, असं साहेबांचं म्हणणं होतं. मग तू शिकवलंस तेच विचारलं. ऑफिसात वाळूच्या बादल्या टांगल्यात, त्या काय आग लागावी म्हणून? साहेब हसले नाहीत, पण सही केली. डोकं माझ्या बहिणीचं, हे मी सांगितलं नाही.

पेटी मीच रंगवली. ठळक अक्षरं, खाली आजाराची माहिती. अगदी दारात लावलीय. महिनाभरात कोणी हात लावला नाही, तर काढून टाकणार आहेत. तुझा लंबू आत होता तेव्हा ही असती तर तुझा लेक आज जिवंत असता.

जेवत जा वेळेवर. तुझ्या रागाचा आणि मायेचा धनी,
कंपाउंडर

११ जून

चि. कंपाउंडर यास,
अ. आ.

शाळेत फळ्यावर सुविचार लिहायचास, ती खोड अजून गेली नाही म्हणायची. दारात म्हणजे शिपायाच्या स्टुलाशेजारीच ना? अरे शहाण्या, लग्न ठरल्यावर तू हेच आणायला दुकानात गेलास आणि खोकल्याचं औषध घेऊन परत आलास. तुझ्या बायकोनंच मला सांगितलंय. आणि त्या माणसांनी शिपायादेखत पेटीत हात घालायचा?

आमचा लंबूही तसलाच. ताटात वाढलं तर खायचा, मागायचा कधी नाही. आजारसुद्धा सुटून आल्यावर अंथरूण धरलं तेव्हा कळला. तेव्हा मागायला लावू नका. आंघोळीचा साबण तुम्ही सगळ्यांना वाटता ना? साबणासोबत हेही एका पिशवीत घालून द्या, सरसकट. ज्याला नको त्यानं राहू द्यावं. पिशव्या मी शिवते. मशीन नाहीतरी गंजत पडलंय.

भावजयीला सांग, ताई चुगलखोर आहे. माया आहे तशीच राहो.
तुझी ताई

९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसंच झालं. पेटीत फक्त कोळ्यानं घर केलं होतं. साहेब ती काढायलाच निघाले होते, पण साबणाचं त्यांना पटलं. साबण वाटण्यात कसली कबुली, म्हणाले.

पहिल्या वाटपानंतर पुष्कळ पिशव्या रिकाम्या होऊन परत आल्या, पुन्हा भरून द्या म्हणून. एकीत काडेपेटी सापडली, ते सोड. एका म्हाताऱ्या कैद्यानं निरोप दिलाय की शिवणाऱ्या बाईंचा हात चांगला आहे, पण काजं फार घट्ट, बटण लागता लागत नाही. मी खूप हसलो. शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाईंची चूक काढणारा कोणीतरी भेटला!

निळ्या पट्ट्यांचं कापड मी ओळखलं, ताई. आत कोणाला बोललो नाही.

असाच कान धरत राहा.
कंपाउंडर

१७ जुलै

चि. कंपाउंडर यास,
अ. आ.

काजं सैल केली आहेत. म्हातारबुवांना सांग, आता तक्रार चालणार नाही. आणखी गठ्ठा पाठवते आहे. संपल्या की कळव, संकोच करू नकोस. उंच माणसाचे शर्ट, कापड भरपूर निघतं.

लोभ आहेच.
ताई