कोरडी सुई

३ फेब्रुवारी, सोमवार
सगळे रिपोर्ट पुन्हा नॉर्मल. मार्कने कागद घडी करून कपाटात टाकले. "बघ, काही नाही." काही नाही! मग सकाळी दात घासताना मनगटातून कळ का जाते? डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया — अंगभर दुखतं, पण तपासणीत दिसत नाही — हे नाव सांगितलं तेव्हा बरं वाटलं होतं — निदान नाव तरी आहे. पण माझ्या नवऱ्याला नाव पुरत नाही. त्याला रिपोर्टात दिसायला हवं.

६ फेब्रुवारी
नंदाखालहून विरारला रिक्षाने. प्रत्येक खड्ड्याला जीव जात होता. विनया म्हणून फिजिओथेरपिस्ट आहे, ती कोरडी सुई टोचते. म्हणजे औषध नसलेली, केसासारखी बारीक. खांद्यातल्या गाठीत घातली — आतल्या आत स्नायू उडाला. ओरडलेच. मग एकदम सैल. विचारलं, बरी होईन ना? म्हणाली, "गाठ सैल होईल. आजार जाईल असं मी सांगणार नाही." खोटं बोलली असती तरी चाललं असतं मला.

७ फेब्रुवारी
वर्गात शिकवताना फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत हात पोचला! उगाचच तारीख पुसून पुन्हा लिहिली.

१० फेब्रुवारी
गेलं. सगळं दुखणं परत. मानेपासून पोटऱ्यांपर्यंत कोणी कुटून काढल्यासारखं.

१६ फेब्रुवारी, रविवार
चर्चमध्ये मिस्सेला गुडघे टेकता आले नाहीत. मागून कुजबुज — एवढी धडधाकट बाई, नि बसून राहते. मार्कने ऐकलं. वाटलं, घरी तरी माझी बाजू घेईल. म्हणाला, लोकांना जे दिसतं तेच लोक बोलणार. जेवले नाही. टिफनीने ताट झाकून ठेवलं. अकरावीतली माझी पोर, पण तिला कळतं.

२० फेब्रुवारी
आज पुन्हा सुया. घटकाभरही आराम नाही. विनयाच म्हणाली, थांबूया, तुम्हाला याचा उपयोग होत नाहीये. टेबलावर पालथी पडूनच रडले. आता शाळेतली नोकरी सोडणार. मार्कला सांगितलं. "बरं," म्हणाला, आणि टीव्हीचा आवाज वाढवला. देवाकडेही आता काही मागावंसं वाटत नाही.

२२ फेब्रुवारी
टिफनीची वेणी घालताना मानेला हात लागला. ती आक्रसली — जिथे मी आक्रसते, नेमकी तिथेच. दहावीपासून दुखतंय म्हणाली. मला का नाही सांगितलंस?
"तुझं कोणी खरं मानलं, मम्मी?"
मी मानते, म्हटलं. आणि मार्कला हाक मारली.