घर आणि गाडी वन्संच्या नावे

मी, खाली सही करणारी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, सत्तरी ओलांडलेली विधवा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवते. उद्या माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर धीर देतात, पण देताना माझ्याकडे बघत नाहीत.

कलम १. राहतं घर माझ्या नणंदेला, म्हणजे वन्संना. मुलगा आणि धाकटे दीर हरकत घेतील, म्हणून कारण लिहिते.

यजमान गेल्यावर घर माझ्या नावावर झालं. 'माझ्याच बापाच्या घरात मी आश्रित झाले,' असं वन्संनी मनात घेतलं आणि आमचं बोलणं बंद पडलं. एका छपराखाली दोन चुली झाल्या. गुडघे गेलेले, तरी मी दिलेलं पाणी त्या घेत नसत.

पुढे एका पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले आणि घरं सोडण्याचा भोंगा वाजू लागला. दीर टीव्ही नि गाद्या भरलेली नवी मोटार घेऊन फाटकाशी थांबले. काच चार बोटं खाली आली. "वहिनी, तुमची गाडी आहेच की. या मागून." काच वर गेली.

यजमानांची जुनी गाडी सुरू झाली, खोकली, झटके देत बंद पडली. पुन्हा तेच. रस्त्याच्या खालच्या टोकाला पाणी दिसू लागलं होतं. वन्संना मी अक्षरशः ओढत आणून स्टिअरिंगमागे बसवलं.

"मी सांगेन तेव्हाच चावी फिरवायची. बॅटरी उतरली तर संपलंच."

"मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, वहिनी!"

"चावी फिरवता येते ना? बास."

यजमान गाडी दुरुस्त करत, तेव्हा त्यांच्या हाती पाने देता देता शिकले तेवढीच माझी विद्या. चावी दिली की इंजिन जोरात फिरत होतं, म्हणजे बॅटरी शाबूत होती. एक प्लग काढला तर पेट्रोलने ओला. म्हणजे पेट्रोल पोचत होतं, ठिणगी पोचत नव्हती. तारा तपासल्या, ठीक होत्या. मग प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं. आत केसासारखी काळी रेघ. पुसली, जाईना. तडा होता! दमट हवेत ठिणगी त्या तड्यातूनच पळत होती.

"वहिनी, पाणी फाटकाशी आलं गं!"

"तुमची नखांची कानस द्या. आणि नेलपॉलिश."

"आत्ता?"

"द्या म्हणते ना!"

ज्या लाल नखांना मी वर्षानुवर्षं नाक मुरडलं, त्यांचीच बाटली आणि कानस वन्संनी पदराच्या गाठीतून काढून दिली. रेघ खरवडली, ठिणगी अडावी म्हणून वर रंगाचा लेप दिला, तोंडाने फुंकून वाळवला. झाकण बसवलं, प्लग लावला.

"फिरवा!"

इंजिन गुरगुरलं, एकदा अडखळलं आणि चालू राहिलं. वन्संना बाजूला सरकवून मी स्टिअरिंग धरलं. चाकं निम्मी पाण्यात असताना आम्ही चढणीला लागलो. वर पोचेपर्यंत वन्संनी माझा दंड सोडला नव्हता. त्या रात्रीपासून आमची चूल एक आहे.

कलम २. गाडी नि पान्यांची पेटी वन्संनाच. विकायची की ठेवायची, त्यांनी ठरवावं.

कलम ३. बँकेतली ठेव मुलाला. त्याच्यावर माझा राग नाही. मात्र 'आत्याला वृद्धाश्रमात ठेवू' हे वाक्य त्याने पुन्हा तोंडातून काढू नये.

कलम ४. धाकट्या दिरांना काही नाही. त्यांनी समाचाराला यावं, चहा मिळेल.

कलम ५. ज्याला मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं, असं हा कागद तपासायला आलेल्या वकीलबाईंनी आत्ताच समजावलं. ते ऐकून वन्सं म्हणाल्या, "मग मला काही नको, वहिनी. मला तुझ्या नावाखाली सही करू दे." मी कलम बदललेलं नाही. त्या शेजारच्या खुर्चीवर रुसून बसल्या आहेत आणि माझी औषधं मोजताहेत.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार: १. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई
२. कोपऱ्यावरचे फोटोग्राफर
(दोघांनी माझ्यादेखत, मी त्यांच्यादेखत सही केली.)

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदला दिवस, सोमवार सकाळ