देव्हाऱ्यातला ताम्रपट

तीर्थरूप नानांच्या पायांशी त्र्यंबकचा साष्टांग नमस्कार.

ठाण्यात मी सुखरूप आहे. आईचा खोकला थांबला का?

आपल्या देव्हाऱ्यातला ताम्रपट आपण रोज पुजता. त्याचा ठसा मी इकडे आणला होता, तो वाचून झाला. ती जुनी लिपी आता आम्हांला लागते. आपले इनामाचे गाव आपल्या पूर्वजांना नव्हे, भिक्षूंच्या विहाराला दान दिलेले आहे. ते बळकावणारा साठ हजार वर्षे विष्ठेत किडा होईल, असा खाली शाप आहे.

हे मी इथल्या विद्वानांच्या सभेत वाचले. टाळ्या पडल्या. आपल्या द्वारकीचे होणारे सासरे पुढेच बसले होते. त्यांनी शाप दोनदा वाचायला लावला आणि तिथेच सोयरीक मोडली.

मांडव उतरवावा. ताम्रपटाला मात्र यापुढे गंध लावू नये, अक्षरे बुजतात.

आपला आज्ञाधारक,
त्र्यंबक