खाज दहात किती?

सोमवार, ३ नोव्हेंबर

आणि लिहून काय होणार? औषध द्यायचं सोडून ही चामडीची डॉक्टरीण, स्नेहाबाई, म्हणते रोज खाजेचं वहीत लिहा, कोणाला दाखवू नका, तुमचं तुम्हाला कळेल. मला सगळं कळतं. चौथी झालेय. हाताला नि पाठीला इसब हाय, ते बर्फामुळे. हल्ली बर्फच खराब येतो.

वर विचारते, किसनाबाई, खाज दहात किती? आता भाव सांगायचा तर चढाच सांगायचा, गिऱ्हाईक उतरवणारच. म्हटलं, दहा. ती पाच म्हणेल, सातावर तोडू. तर बाईने दहा लिहूनच टाकले! भाव न करता घेणारं माणूस जन्मात पहिल्यांदा बघितलं. मग म्हणते, दहा म्हणजे फारच, दीड महिना मासळीला हात लावू नका, बाजारात तुमच्या ओट्यावर सुनेला बसवा.

सुनेला! प्रांजल गिऱ्हाइकाला थँक्यू म्हणते. मच्छी बाजारात!

मंगळवार, ४ नोव्हेंबर

परत गेले. सांगितलं, दोन. बाई म्हणाली, काल दहा, आज दोन? म्हटलं, भाव उतरला. तिने मनगटाला घड्याळ बांधलं. टाइम दाखवत नाय. रात्री झोपेत माणूस किती खाजवतो ते मोजतं. सोमवारी बघून ओट्याचं ठरवणार.

बघ म्हणावं. मी झोपेत खाजवत नाय. आजपासून जागेपणी पण बंद.

पेनाचं टोपण मोडलं. पाठीपर्यंत पण पोचलं नाय. हल्ली मालच हलका.

बुधवार, ५ नोव्हेंबर

अजिबात खाजवलं नाय. ओट्याच्या खांबाला पाठ टेकून जराशी हलले, तर शेजारची गुणाबाई ओरडली, अगो किसने, म्हशीवानी काय घासतेस? टेकणं वेगळं, खाजवणं वेगळं. तिला काय कळतंय.

एका बाईने माझे हात बघितले नि घेतलेलं पापलेट खाली ठेवलं. पापलेटच आवडलं नसेल.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

डोकं लढवलं. घड्याळावर भरवसा नाय, आपोआप वाढवून दाखवत असेल. म्हणून रात्री नवऱ्याच्या हाताला बांधते. बुधाजी पडला की ओंडका. कशाला म्हणून विचारत होता, म्हटलं बीपीचं हाय. गप बांधून घेतलं.

रविवार, ९ नोव्हेंबर

काय झोप लागली! पाठ एकदम गार. बघा, मनावर घेतलं की होतं. बुधाजी मात्र सकाळपासून जांभया देतोय. म्हातारा झाला.

सोमवार, १० नोव्हेंबर

बुधाजीला बरोबर घेऊन गेले. बाईने कॉम्प्युटरवर रेघा दाखवल्या. आधी टेकाडं होती, शुक्रवारपासून कर्नाळ्याचा सुळका! म्हणते, अहो, हे तर वाढलंय. मी हसले. म्हटलं, हा हात माझा नायच, ह्याचा हाय. आता ह्यालाच बसवा घरी.

बाईने बुधाजीला विचारलं, तुम्हाला पण खाज? तर म्हणतो, मला कसली? ही झोपेत माझा हात धरते नि पाठीवरून फिरवते, रातभर. आधी स्वतःच खाजवायची, चादरीला रक्त लागायचं. मग मीच माझा हात पुढे केला. नखं कापून ठेवतो. बाईने विचारलं, कधीपासून? म्हणाला, शिमग्यापासून.

मेल्याने मला कधी सांगितलं नाय.

बाईने मलम दिलं, गोळ्या दिल्या, ओटा सुनेला दिला. आत प्रांजल माझा कोयता घासतेय. चुकीचंच घासतेय.

पण एक बघा. हात त्याचा, पाठ माझी. म्हणजे खाज निम्मी निम्मी. दहाची पाच झाली. पाचासाठी कोणी दीड महिना ओटा सोडतं का? प्रांजलला म्हटलं, हात धू, नि तुझ्या मोबाइलवरून डॉक्टरणीला पाठव: पाचावर तोडा, हातमोजे घालून बसते. शुक्रवारी मोठा बाजार असतो. गुरुवारपर्यंत हो की नाय ते कळवा.