चिदोरी मारूचा हिरवा रंग

कुशिरो, १८ एप्रिल

ती. मिसाओताईस,
तोमोहिसाचा वाकून नमस्कार. वि. वि. आम्ही दोघं ठीक. तुझी आणि आईची खुशाली कळव.

बाबांच्या चिदोरी मारू बोटीची छोटी प्रतिकृती तयार झाली. हातभर लांबीची, लाकडाची, घासून घासून गुळगुळीत केलेली. तुझी भावजय म्हणते, एवढी माया आमचे खांदे चेपताना कधी दिसली नाही. आता फक्त रंग उरलाय. शिमिझूच्या धक्क्यावर उभी राहून आई ज्या हिरव्या धुराड्याची वाट बघायची, ते तिला पुन्हा एकदा दिसावं, एवढंच मनात आहे.

माझा जुना एअरब्रश रंग फवारायचं सोडून थुंकतो. नवा घ्यायचा आहे आणि तिथेच घोडं अडलंय. एकाच कंपनीचे दोन आहेत, अगदी जुळे भाऊ. फरक टोकाच्या भोकाचा. एकाचं ०.२ मिलिमीटर, दुसऱ्याचं ०.३. बारक्याने नावाची अक्षरं सुरेख येतील, मोठ्याने धुराड्यावर रंग सारखा बसेल. तू मॉडेलवाल्यांच्या गावात राहतेस. ओरिदो-सानच्या दुकानात जा, दोन्ही हातात धरून बघ आणि तूच ठरव. ओबोनला, ऑगस्टातल्या पितरांच्या दिवसांत, येईन म्हणतो. तिथेच रंगवू. आईला मात्र अचानक दाखवायचं, म्हणून फोनवर बोलणं नको. तिचे कान फार तिखट आहेत.

तुझी माया असू दे.
तोमो

शिझुओका, १२ मे

चि. तोमोस,
ताईचे अनेक आशीर्वाद. नव्या चहाची पुडी सोबत पाठवते आहे. पाणी फार उकळू नकोस, नाहीतर दरवर्षीसारखं लिहिशील की ताई, यंदा चहा कडू निघाला.

ओरिदो-सानकडे गेले होते. त्यांनी मखमलीच्या तुकड्यावर दोन्ही एअरब्रश ठेवले. मला तर चष्मा लावूनही फरक दिसेना. कानातल्या डुलाएवढी रंगाची वाटी दोघांनाही तशीच. कुठला चांगला असं विचारलं, तर म्हणाले दोन्ही चांगले. तुम्ही कुठला घ्याल विचारलं, तर मान तिरकी करून दात-ओठांतून हवा आत ओढली आणि म्हणाले की अवघड आहे. शेवटी त्यांनी चहा दिला आणि मी चहा पिऊन परत आले. रंगवणार तू, हात तुझा. तूच सांग.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते. आईला नजरेच्या मधोमध आता नुसता धूर दिसतो. कडेकडेने दिसतं, म्हणून ती माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघते. डॉक्टर म्हणाले, नोव्हेंबरात संत्री पिवळी होईपर्यंत एवढी नजर टिकेल, कदाचित नाहीही. तेव्हा वेळ लावू नकोस.

तुझी वाट बघणारी,
ताई

कुशिरो, २० जून

ती. ताईस नमस्कार.
इथे धुकं इतकं आहे की शेजाऱ्याचा कुत्रा मला भुंकून मगच ओळखतो. चहा या वेळी कडू नव्हता, हे तुझ्या भावजयीचं कौतुक, माझं नव्हे.

तू ०.३ वर बोट ठेवशील असं वाटलं होतं, पण तसं लिहिलं नाहीस, म्हणजे तुझ्या मनात ०.२ असावा. असेल तर मोकळेपणाने सांग. माझी हरकत नाही. नसेल तरी सांग. बशीतला शेवटचा मोची, तो तांदळाचा लाडू, आपल्या घरात कुणी उचलायचं नाही, तुला नको, मला नको, तो दगड होईपर्यंत पडून राहायचा. तसं करू नकोस.

आणखी एक. धुराड्याचा हिरवा नेमका कसा गं? मला चहाच्या कोवळ्या पानासारखा आठवतो. फोटो सगळे काळेपांढरे.

तुझा,
तोमो

शिझुओका, २५ जुलै

चि. तोमोस आशीर्वाद.
मोची मीच उचलायचा होय रे? मिशनच्या शाळेत सिस्टर आम्हाला शिकवायच्या की दुसऱ्याच्या बशीकडे बघू नये, घरी आई शिकवायची की शेवटचा घास आपला म्हणू नये. आता साठी उलटल्यावर हात पुढे कसा होणार?

खरं सांगायचं तर मला ०.३ बरा वाटला होता. पण तुझा जीव नावाच्या अक्षरांवर आहे हे ठाऊक, म्हणून गप्प बसले. ओरिदो-सानांनी दोन्ही एअरब्रशचे डबे आपल्या नावाने बाजूला ठेवले आहेत. गेले की नुसतं हसतात. हिरवा मला पाइनच्या पानांसारखा गर्द आठवतो. आईलाच विचारावं असं दहादा ओठांवर आलं. पण मग अचानक दाखवण्यातली गंमत जाईल.

काल तिने गच्चीतून ढगांनी वेढलेला फुजी डोंगर बघितला आणि मला म्हणाली की शेजारच्यांनी चादर वाळत घातली आहे, पावसाआधी काढायला सांग. मी हसले. मग आत जाऊन भांडी घासत बसले.

ओबोनला नक्की ये. लोभ आटू देऊ नकोस.
ताई

कुशिरो, ९ ऑगस्ट

ती. ताईस नमस्कार.
ओबोनला येणं होत नाही. हिचा गुडघा सुजलाय. आणि एअरब्रशही ठरला नाही, तेव्हा रिकाम्या हाताने येऊन काय करू, असंही वाटलं. रागावू नकोस. ऑक्टोबरात येतो. तू ०.३ म्हणालीस, ०.३ च घे. रंगही तुझा गर्द हिरवाच लावू.

तोमो

कुशिरो, २६ ऑक्टोबर

ती. ताईस नमस्कार.
सुखरूप पोचलो. चार दिवस तू माझ्यामागे वर्तमानपत्रं अंथरत फिरलीस, त्याबद्दल काय लिहू? रंग आरशासारखा बसला. ओरिदो-सान बोट बघायला आले तेव्हा म्हणाले की एवढ्या कामाला दोन्हींपैकी कुठलाही चालला असता. मी विचारलं, आधी का नाही बोललात? तर म्हणाले, तुम्ही दोघं इतक्या आपुलकीने ठरवत होतात, मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं.

बोट समोर ठेवल्यावर आईने हात जोडले, किती सुंदर हिरवा म्हणाली. पण ताई, तेव्हा तिचं तोंड खिडकीकडे होतं. बोट तर टेबलावर होती. खरं सांग, तिला दिसलं का?

रंग पक्का होईपर्यंत हात लावू देऊ नकोस.
तोमो

शिझुओका, १९ नोव्हेंबर

चि. तोमोस,
ताईचे आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. दोन पत्रं लिहून फाडली.

नाही रे, दिसलं नाही. सप्टेंबरच्या शेवटीच उजेड आणि अंधार एवढंच उरलं होतं. मला तिने सांगितलं नव्हतं, आणि मला कळलं तेव्हा तू तिकीट काढलं होतंस. तू इतक्या लांबून येणार, तुझं मन मोडू नये म्हणून तिने सुंदर म्हटलं. रंग हिरवा आहे हे तिला आपल्या कुजबुजीतून कळलं असणार.

परवा रंग पक्का झाला म्हणून बोट तिच्या मांडीवर दिली. तिने धुराड्यावरून हात फिरवला, मग पुन्हा फिरवला आणि विचारलं की ही कुणाची नवी मोटार आहे? बाबा दर वर्षअखेरीच्या साफसफाईत धुराडं स्वतः रंगवायचे, वीतभर रुंद ब्रशने. ओघळ आले तर पुसायचे नाहीत. धक्क्यावर ज्याच्याकडे जो उरेल तो रंग मागून आणायचे आणि बादलीत कालवायचे, म्हणून कुठल्याही दोन वर्षांचा हिरवा एक नसायचा. आई म्हणाली, लांबून धुराडं दिसलं की कितवं वर्ष ते कळायचं. आपण दोघं दोन वेगळे हिरवे घेऊन बसलो होतो, तोमो, आणि दोन्ही खरे होते. तिला नुसतं विचारलं असतं, तर मे महिन्यात तिने एकेक वर्ष सांगितलं असतं आणि बघितलंही असतं.

मग तिने विचारलं की तुम्ही कुठल्या वर्षीचा हिरवा लावलात? सुचलं ते बोलले. मी म्हटलं, तोमो झाला त्या वर्षीचा. तिचा हात धुराड्यावर थांबला. म्हणाली, मग पिवळसर असेल, कोवळ्या चहासारखा. मुलगा झाला म्हणून त्या वर्षी यांनी आनंदात पिवळा फार ओतला होता. बोट माझ्यासमोर होती, पाइनसारखी गर्द. मी म्हटलं, हो आई, अगदी तसाच आहे.

आता नववर्षाला ये. ओरिदो-सानांना ०.२ चा डबा परत शेल्फावर ठेवायला सांगितलंय. तुझ्या घरातला रुंद ब्रश घेऊन ये आणि माझ्या हिरव्यावर तुझा पिवळसर हिरवा चढव. ओघळ आले तर येऊ देत, तिच्या हाताला लागतील. रंग तिला दिसणार नाही, पण मी तिला जे सांगितलं ते खरं झालं पाहिजे.

आणि कुठला ब्रश आणू, हे या वेळी मला विचारू नकोस. हाताला येईल तो आण.

तुझी,
ताई