तिन्ही नंबर फिट

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
डावी चप्पल चोरीला गेली. फक्त डावी. देवळातून निघालो तेव्हा दोन्ही पायात होत्या, हे शंभर टक्के. घरी पोचलो तर एकच. म्हणजे वाटेत कुणीतरी चालत्या माणसाच्या पायातली काढून नेली. कमाल आहे! पण एकच चप्पल नेऊन करणार काय? खुळे कुठले.

श्रीदेवी म्हणाली, अहो, गळून पडली असेल की, तुम्हाला कळलं नसेल. एकतीस वर्षं संसार करून बायकोचा नवऱ्यावर हा विश्वास. तळव्यात काच रुतली होती, ती तिनं चिमट्यानं काढली आणि मला दाखवली. बारीकच होती. मला काही वाटलं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
श्रीदेवीनं ओढत डॉक्टरकडे नेलं. शुगर वाढलीय म्हणे. बाजारात सगळंच वाढलंय, तिनं काय घोडं मारलंय?

मग पायाची परीक्षा. आपण डोळे मिटायचे, डॉक्टर तळव्याला बारीक दोरा टेकवणार, कळलं की हो म्हणायचं. मी तयारीत. हो. हो. हो. डॉक्टर म्हणाले, थांबा मालक, मी अजून सुरूच केलं नाही.

म्हणजे ॲडव्हान्समध्ये पास.

त्यानंतर ते बराच वेळ बोलले. पायाची जाण गेलीय. अनवाणी फिरायचं नाही. रोज आरशात तळवा बघायचा. रोज चालायचं, पण बूट चांगल्या दुकानातून, पाय मोजून देणारा माणूस बघून घ्यायचे. बूट चावला तर तुम्हाला कळणार नाही, जखम होईल, मग पाय वाचवायची पळापळ. श्रीदेवीचा चेहरा पांढराफटक. मी मुद्द्याचं तेवढं ध्यानात ठेवलं: रनिंग शूज घ्यायचे.

८ नोव्हेंबर, शनिवार
जोतीरामच्या दुकानात डोकावलो. त्याचं माझं दुकान समोरासमोर, तोही चादरी-टॉवेल, मीही. त्यानं गल्ल्याच्या वर लक्ष्मीच्या फोटोशेजारी मेडल टांगलंय. मागच्या जानेवारीत सोलापूर मॅरेथॉनमध्ये दहा किलोमीटर पळाला म्हणे. पोट माझ्यापेक्षा मोठं. पण गिऱ्हाईक आधी मेडल बघतं, मग चादर बघतं, आणि मग घेतं. माझ्याकडं नुसतीच चादर.

संकल्प: येत्या जानेवारीत मीही. दहा किलोमीटर. नाव नोंदवलं. टी-शर्ट मीडियम सांगितला, तोवर बसेल.

श्रीदेवी म्हणाली, डॉक्टर चाला म्हणाले, पळा कुठं म्हणाले? चालणं जरा फास्ट केलं की पळणंच की.

११ नोव्हेंबर, मंगळवार
दोन वर्षं पायाला मुंग्या यायच्या. आता येत नाहीत. आपोआप बरं झालं. आज शुगरची गोळी घेतली नाही, प्रयोग म्हणून.

आरशात तळवा पाहिला. तळवा आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार
शूज शोधायला नवी पेठ पालथी घातली. सगळीकडं एकच प्रश्न, नंबर किती. पाय कुणी मोजत नाही. एकानं विचारलं, लग्नासाठी पाहिजे का. या वयात माझं कोण लावतंय.

माझी स्वतःची पद्धत आहे. जन्म कापडात गेला, हाताला सगळं कळतं. बुटात हात घालायचा, आतलं कापड अंगठा आणि बोटात धरून चोळायचं. पोत कळला की माल कळला. दुकानदार म्हणाला, मालक, पायात घालून बघा की. मी म्हटलं, कापड कधी पायानं बघतात काय? तो हसला. मी घेतलं नाही.

प्रॅक्टिस: बूट मिळेपर्यंत स्थगित. बुटाशिवाय पळणं धोक्याचं, डॉक्टरांचंच म्हणणं आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार
प्रॅक्टिस: स्थगित. डाएट: उद्यापासून. गोळी: प्रयोग चालू आहे.

३० नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ
मिळालं! होटगी रोडला नवीन दुकान. फक्त पळायचे बूट, दुसरं काही नाही. मालक अल्तमश, तिशीचा पोरगा, पुण्यात असल्याच दुकानात काम शिकून आलेला. बोलायला लागला की थांबत नाही. म्हणाला, मालक, शाम को आए, अच्छा किया, पाय संध्याकाळी थोडा सुजतो, तवाच मोजायचा असतो. दोन्ही पाय मोजले, उभं करून. डावा मोठा निघाला. साडेआठ नंबर म्हणाला.

मग एकेक जोड घालायला दिला. आठ घातला. कैसा लगरा? एकदम फिट. साडेआठ. फिट. नऊ. फिट. तो माझ्या तोंडाकडं बघायला लागला. तिन्ही कैसे फिट हो सकते मालक, म्हणाला. मी म्हटलं, पायच तसा आहे माझा, स्टँडर्ड. त्यानं अंगठा कुठं टेकतोय, टाच हलतेय का, चावतंय का, सगळं पुन्हा पुन्हा विचारलं. नाही, नाही, नाही. एवढं सोपं गिऱ्हाईक त्याला जन्मात मिळालं नसेल.

आणि या भल्या माणसानं बूट परत बॉक्समध्ये ठेवले. म्हणाला, आपको पाँव में समझताच नई मालक, ऐसे नई देता मैं. पुढच्या वेळी घरच्या कुणाला तरी घेऊन या, मी त्यांना दाखवून देतो. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवतो! म्हणे स्पेशालिस्ट. सहा महिन्यात शटर ओढेल.

श्रीदेवीला सांगितलं, दुकान बंद होतं.

७ डिसेंबर, रविवार
शिवप्पामामांच्या मातीला गेलो. माझ्या आईचे धाकटे भाऊ. लहानपणी मला खांद्यावर बसवून गड्ड्याच्या जत्रेत फिरवायचे. सगळे रडत होते. मी पण तयारी केली, पण काही आलंच नाही. नुसता उभा राहिलो.

हल्ली कशाचंच काही वाटत नाही. दुकानात माशा मारतो, त्याचंही नाही. पूर्वी एक गिऱ्हाईक परत गेलं तर जेवण जायचं नाही. आता दिवसभर कुणी आलं नाही तरी वेळेवर भूक लागते. मन शांत झालंय. योगासनांचा परिणाम असावा. योगासनं जानेवारीपासून सुरू करणार आहे.

१४ डिसेंबर, रविवार
टेंभुर्णी. मेव्हणा चन्नवीर तिथं असतो, त्याच्या ओळखीचं हायवेवर दुकान आहे, कंपनीचा माल अर्ध्या भावात. हात घातला आणि कळलं. काय पोत! बाहेरून पांढरा शुभ्र, आत लाल कापड.

नंबर आठ घेतला. अल्तमश साडेआठ म्हणाला होता, मी आठवर तोडलं. समोरच्याचा पहिला आकडा कधी मान्य करायचा नसतो.

आणि डिस्प्लेचा जोड घेतला नाही. गावानं पाय घातलेला तो. थप्पीतला वरचा नग गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा असतो, हे मला कोण शिकवणार? खालचा सीलबंद बॉक्स काढायला लावला. चन्नवीर म्हणाला, दाजी, एकदा घालून तरी बघा. सील फोडलं की माल सेकंडहँड, म्हटलं. बॉक्स बंदच्या बंद घरी आणला. सोलापुरात कुणी इतकी विचारपूर्वक खरेदी केली नसेल.

१८ डिसेंबर, गुरुवार
शुभमुहूर्त. बूट घातले. जरा घट्ट आहेत, चमच्यानं टाच आत ढकलावी लागली. तरी टाच पूर्ण बसत नाही. नवा माल आहे, रुळेल.

पार्क चौकापर्यंत जाऊन आलो. दुखणं वगैरे शून्य. ज्यांना बूट चावतात त्यांना निवडता येत नाहीत.

श्रीदेवी म्हणाली, बदकागत का चालायलाव? रनिंगची स्टाइल असते ती. काय समजवायचं.

२१ डिसेंबर, रविवार
सासूबाई न्हाणीत घसरल्या. श्रीदेवी अक्कलकोटला गेली. जाताना पलंगाजवळ आरसा ठेवला आणि चारदा बजावलं, तळवा बघत जावा. दाराबाहेर जाऊन परत आली आणि पाचव्यांदा बजावलं.

२४ डिसेंबर, बुधवार
श्रीदेवीचा फोन. तळवा पाहिला का? पाहिला. गोळी घेतली का? घेतली. सगळं ठीक? एकदम. बरं वाटलं तिला.

पाहिला हे खरं आहे. सॉक्स काढायचा कंटाळा आला म्हणून सॉक्ससकट पाहिला.

२८ डिसेंबर, रविवार
एक तक्रार. डावा सॉक्स पुढून लाल झालाय. बुटाच्या आतल्या कापडाचा रंग सुटतो. कापडाचा माणूस असून मी रंगाला फसलो! पोत बघितला, रंगाची पक्काई बघितली नाही. साबण लावून भिजत घातला तर निम्मा डाग गेला. मग काळे सॉक्स काढले. प्रॉब्लेम सॉल्व्ह.

घरात कसलातरी वास येतोय. उंदीर मेला असेल. माळ्यावर बघितलं, नाही सापडला.

१ जानेवारी २०२६, गुरुवार
संकल्प: गोळी, डाएट, योगासनं, दुकानात नवीन बोर्ड. उद्यापासून, कारण आज सुट्टी.

थंडी वाजून आली. हवामान.

४ जानेवारी, रविवार, सकाळी दहा
मेडल मिळालं!! दहा किलोमीटर पूर्ण. शेवटून तिसरा, पण शेवटून मोजायची पद्धत नाही. जोतीराम सातव्या किलोमीटरला पाय धरून बसला होता, गोळा आलाय, दुखतंय म्हणून केकाटत. मी त्याच्या शेजारून गेलो. हात पण केला. दहाच्या दहा किलोमीटर मला काहीही दुखलं नाही. काहीही. या वयात असे पाय किती जणांचे असतील?

शेवटी पाणी देणारी एक मुलगी म्हणाली, काका, तुमचा बूट बघा. डावा पुढून लालसर ओला झाला होता. कुणीतरी कोकम सरबत सांडलं असणार. पांढऱ्या बुटाची अवलाद, डाग लगेच धरतो.

श्रीदेवी दुपारच्या गाडीनं येतीय. बूट, मेडल, सगळं घालूनच दारात उभा राहणार आहे.

६ जानेवारी, मंगळवार
हॉस्पिटल. हाताला सलाईन आहे म्हणून अक्षर असं.

परवा श्रीदेवीनं दारातच बूट बघितला. मेडल बघितलं नाही. खुर्चीत बसवून बूट ओढून काढला, आणि अय्यो म्हणून मटकन खाली बसली. बुटाच्या पुढच्या टोकात कागदाचा बोळा होता. नवीन बुटाचा आकार राहावा म्हणून कंपनीवाले कोंबतात तो. दोन्ही बुटांत. मी काढलेच नव्हते. अठरा तारखेपासून त्यांच्यावरच चाललो, त्यांच्यावरच पळालो. डावीकडचा दगडासारखा घट्ट झाला होता, आणि अंगठा मी पण बघितला. वास त्याचाच होता.

चूक कंपनीची आहे. बॉक्सवर लिहायला पाहिजे. डिस्प्लेच्या जोडात बोळे नव्हते.

श्रीदेवी म्हणाली, फोनवर रोज विचारत होते की हो मी. रोज.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. काल अंगठा काढला. डावा.

दुखलं नाही. नर्सला तसं अभिमानानं सांगितलं. ती काहीतरी म्हणेल असं वाटलं होतं.

शेजारच्या कॉटवरच्यांना त्यांच्या सुनेनं तिळाची वडी आणली. मला पण दिली. शुगर आहे म्हणून श्रीदेवीनं माझ्या हातातून घेतली आणि स्वतः पण खाल्ली नाही. जोतीराम भेटायला आला. मेडलचं अभिनंदन केलं त्यानं. मनापासून केलं. मला वाटलं होतं, ते ऐकून लई बरं वाटेल.

१ फेब्रुवारी, रविवार
घरी. रोज ड्रेसिंग. गोळ्या श्रीदेवी समोर उभी राहून देते आणि तोंड उघडून दाखवायला लावते. मेडल कुठं ठेवलंय विचारलं. म्हणाली, असेल कुठंतरी.

बाकीचा पाय राहील असं डॉक्टर म्हणतात. मग म्हणतात, नीट राहिलात तर.

२२ मार्च, रविवार
जखम भरली. अल्तमश घरी आला होता. श्रीदेवीनं दुकान शोधून काढून बोलावलं. दुकान उघडंच होतं हे तिला आता कळलंय.

त्यानं जमिनीवर कागद ठेवला, मला उभं केलं, पायाभोवती पेन्सिल फिरवली. आणलेले बूट एकेक करून घालत गेला. पण मला एकदाही विचारलं नाही, कैसा लगरा. सगळं तिला विचारत होता. ती बुटात बोट घालून माझ्या पायाच्या कडेकडेनं फिरवायची आणि सांगायची, हितं दाबतंय, दुसरा काढ. हितं जागा जास्त होतीय. अंगठ्याच्या जागी काय भरायचं ते पण दोघांनी ठरवलं. दुकानात बायको चादरी बघत असते आणि नवरा स्टुलावर बसलेला असतो, तसा मी बसलो होतो. एकदा मी म्हटलं, हा फिट वाटतोय. दोघांनीही वर बघितलं नाही.

तो गेल्यावर म्हटलं, घासाघीस केली असती तर भाव कमी झाला असता. मी पेपर उघडला.

बऱ्याच वेळानं पान उलटायला पेपर खाली केला. ती अजून तिथंच होती, फरशीवर. माझा पाय मांडीवर घेऊन, तळव्याखाली एक हात आणि वर एक. तिच्या डोळ्यांतलं पाणी पायावर पडत होतं. सगळा पाय ओला झाला होता. ती कधीपासून धरून बसलीय, मला माहीत नाही. एकतीस वर्षं संसार केलेली बायको, पायाला धरून रडतेय, आणि ते मला पायाला नाही, बघून कळलं.

लई भीती वाटली. मेडलचं नाही, मामांचं नाही, अंगठ्याचं पण काही वाटलं नव्हतं. हे वाटलं. तिला सांगायला पाहिजे होतं.

पेपर परत वर धरला. एक अक्षर वाचलं नाही.